साखरपुड्यातलं बिनहळदीचं वरण

तुम्ही कधी कोणाच्या साखरपुड्यात बिनहळदीचं वरण मागितलंय का? नसेल मागितलं तर मागू नका. मी मागितलं. तेही स्वतःच्या मुलाच्या साखरपुड्यात, होणाऱ्या सुनेच्या घरी, भरल्या पंगतीत. त्यानंतर जे झालं ते आमच्या नात्यात कोणी विसरलेलं नाही, आणि मी आहे तोवर कोणी विसरेल असंही दिसत नाही.

मुळापासून सांगते. तुम्ही चहा घ्या, गार होतोय.

आम्ही पुरुषोत्तमनगरला राहतो. आमचे हे साखर कारखान्यात नोकरीला. मुलगा भूषण सुरतेला असतो. त्याचं लग्न जमलं सारंगखेड्याजवळच्या, तापीकाठच्या एका गावात. मुलगी दीपाली, फार्मसी शिकलेली, शहाद्याला मेडिकल दुकानात काम करते. तिचे वडील आप्पा, केळीची शेती, माणूस शांत. आणि घरात दीपालीची आजी. सगळे त्यांना जिजी म्हणतात. जिजींनी मान हलवल्याशिवाय त्या घरात गॅससुद्धा पेटत नाही.

मुलगी बघायला गेलो त्या दिवशीचे फोटो भूषणने घरच्या ग्रुपवर टाकले. सगळे छान आले होते. मीही हसत होते. ते हसणं मी दोन बोटांनी मोठं करून पाहिलं आणि फोन उलटा ठेवून दिला. इतक्या वर्षांचा चहा, सकाळचा, दुपारचा, कोणी आलं म्हणून केलेला, सगळा त्या दातांवर जमा होता. जून झालेल्या मक्याच्या दाण्यासारखे दात. आणि शेजारी दीपाली, तिचे दात कसे, धुतलेल्या तांदळासारखे.

कोणी मला एका शब्दाने बोललं नव्हतं. पण लग्नाचे फोटो जन्मभर भिंतीवर राहतात. त्यात मुलाची आई तोंड मिटून उभी, बरं दिसतं का ते?

म्हणून साखरपुड्याच्या आठ दिवस आधी, गुरुवारी, मी गुपचूप शहाद्याला गेले. बाजाराची पिशवी घेऊन, म्हणजे कोणी विचारलं तर उत्तर तयार. तिथल्या दातांच्या डॉक्टर मॅडम वयाने आमच्या भूषणएवढ्या. त्यांनी दातांना कसलीशी मलई लावली, निळा दिवा धरला, आणि तासाभराने आरसा हातात दिला. खरं सांगते, मी त्या आरशातल्या बाईला ओळखलंच नाही. नमस्कार करावा वाटला तिला.

मॅडमने दोन गोष्टी सांगितल्या. एक, दोन दिवस हळद, चहा, रस्सा, रंगाचं काही खायचं नाही, रंग धरतो. दुसरी, थंड-गरम दाताला झोंबेल, काहींना जास्त दिवस झोंबतं, ही पेस्ट वापरा, जाईल हळूहळू.

मी मुकाट्याने मान हलवली. आणि इथेच सगळं बिघडलं. कारण या दोन गोष्टी मी घरी येईपर्यंत डोक्यात एक करून टाकल्या.

माझं गणित असं होतं: झोंबतंय म्हणजे दात अजून उघडे आहेत. दात उघडे आहेत म्हणजे रंग आत जाणार. मग झोंबणं थांबेपर्यंत रंगाचं काही खायचं नाही. सरळ आहे की नाही? मला तर फार सरळ वाटलं. पुन्हा फोन करून विचारायची लाज वाटली, इतकं साधं काय विचारायचं म्हणून.

आणि झोंबणं काही थांबेना. शिवणाच्या मशीनची सुई दाताच्या मुळाशी टकटक चालवावी, तसं. माठातलं पाणी तोंडात घेतलं की टकटक. गरम भाकरी, टकटक. नुसतं बोलताना वारा आत गेला तरी टकटक. तेही आमच्याकडच्या मे महिन्यात, जेव्हा अख्खा जिल्हा बर्फाचं पाणी पीत असतो. मी एकटी पाणी कोमट करून पीत होते, आणि दूधभात खात होते.

ह्यांना सांगितलं पित्त झालंय. दातांचं सांगितलंच नाही. या वयात हे काय खूळ, असं म्हणाले असते. स्वतः अजून मीठ-कोळशाने दात घासतात. आणि गंमत बघा, आठवडाभर माझे दात समोर चमकताहेत, पण ह्यांच्या लक्षात नाही. पंखा एक नंबरने कमी केला तर झोपेत कळतं.

साखरपुड्याचा दिवस उजाडला तरी सुई चालूच. भाड्याच्या गाडीत एसी लावला होता. ती गार हवा नेमकी माझ्या तोंडावर. मी पदर तोंडाशी धरला तो व्याह्यांच्या दारात उतरेपर्यंत सोडला नाही. डोळ्यांतून पाणी येत होतं, काजळ पसरलं असणार.

जिजी दारातच उभ्या होत्या. त्यांनी माझा चेहरा पाहिला, पदर पाहिला, डोळे पाहिले.

आत गेल्या गेल्या बर्फ घातलेलं सरबत आलं. मी नको म्हटलं. चहा आला. मी नको म्हटलं. दीपालीची आई, सुनंदाताई, बिचाऱ्या गोंधळल्या.

"ताई, काहीच घेत नाही तुम्ही. आमच्याकडून काही चुकलं का?"

"नाही हो ताई, काही नाही," मी पदराआडून म्हणाले.

आपल्याकडे बघा, व्याह्यांकडे गेलं की सगळे घरची बोली सोडून शाळेतली मराठी बोलतात. त्याही बोलत होत्या, मीही बोलत होते. दोघीही दमलो होतो त्या मराठीने.

कार्यक्रमाच्या आधी घरच्या बायकांची पंगत बसली. आता पंगतीत काय होतं ते ऐका. खापरावरची पुरणपोळी, पिवळीधम्मक. आमरस, केशरी आणि फ्रिजमधून काढलेला. शेवभाजी, लालभडक. कुरडई, भजी, सगळं तळलेलं, कडक. माझ्या ताटात बघून मला रडू यायचं बाकी होतं. अख्ख्या ताटात मला चालेल असं एकच, मीठ.

जिजी स्वतः रसाचं भांडं घेऊन आल्या. त्यांना शाळेच्या मराठीशी काही देणंघेणं नव्हतं.

"आंबाना रस तरी घ्या माय. आमना वावरना शे."

"नको जिजी."

"पुरनपोयी?"

"नको."

"मंग खातस काय तुम्ही?"

"साधा भात चालेल," मी म्हणाले. आणि मग भुकेच्या भरात ते वाक्य गेलं. "आणि वरण असेल तर थोडं, बिनहळदीचं."

वाढणारीच्या हातातली पळी भांड्यावरच थांबली.

तुमच्या लक्षात आलं असेल. आमच्याकडे घरात कोणी वारलं की सुतकाच्या दहा दिवसांत स्वयंपाकाला हळद लागत नाही, फोडणी पडत नाही. बिनहळदीचं वरण आणि भात. आणि त्या दिवसांत कुठलंही शुभकार्य करत नाहीत, साखरपुडा तर नाहीच नाही. हे मला माहीत नव्हतं का? जन्मापासून माहीत आहे. पण माझं सगळं डोकं त्या वेळी दातात होतं.

जिजींनी मला हाताला धरून उठवलं, आतल्या खोलीत नेलं आणि दार लोटलं.

"खरं सांगा माय," त्या अगदी हळू आवाजात म्हणाल्या. "काय लपाडी ऱ्हायनात?"

मी मनात म्हटलं, ओळखलं. म्हातारीची नजर आहे, दात ओळखले. आता खोटं बोलून काय उपयोग? आणि तसं प्रेमाने विचारलं की माझी शाळेतली मराठी गळून पडते.

"गुरुवारे व्हयनं जिजी. शहाद्याले, दवाखानामा."

जिजींनी डोळे मिटले. "आनि घरमा?"

"कोनलेच सांगं नही. यासले बी नही. म्हनं, कार्यक्रम हुई जाऊ द्या, मंग सांगसू. तुम्ही पन दीपालीले सांगू नका."

जिजींनी माझ्या हातातून आपला हात काढून घेतला. मला वाटलं, बाईला माझ्या नखऱ्याचा राग आला. एवढा राग? दातांसाठी?

त्या बाहेर गेल्या. मी खोलीतच बसून राहिले. बाहेर कुजबुज सुरू झाली, भांड्यांचे आवाज बंद झाले. कोणीतरी सनईची टेप बंद केली.

बाहेर काय झालं ते मला नंतर कळलं. आप्पांनी ह्यांना ओट्यावर बाजूला घेतलं. हात जोडून म्हणाले, "भाऊसाहेब, तुमना पोऱ्या आमले पसंत शे. पन अशी गोष्ट दपाडतस का? सुतकमा सोयरीक करतस का कोनी?"

"कोनं सुतक?" आमचे हे.

"ते तुम्ही विहीनबाईले इचारा. आज काही व्हनार नही. आनि पुढलं बी आते इचार करीसन सांगसूत."

म्हणजे नुसता कार्यक्रम पुढे ढकलणं नव्हे, सोयरीकच हातची जायची वेळ. एवढी मोठी गोष्ट लपवणाऱ्या घरात पोरगी कशी द्यायची, असं जिजींनी स्पष्ट सांगितलं होतं. आणि त्यांचं चूक होतं का? मी जिजी असते तर मीही हेच म्हटलं असतं.

हे खोलीत आले. चेहरा पांढरा. एरवी मला 'भूषणनी माय' अशी हाक मारणारा माणूस, माझ्यासमोर खाली बसला आणि म्हणाला, "मंगल."

इतक्या वर्षांत ह्यांनी मला नावाने किती वेळा हाक मारली असेल?

"मंगल, खरं सांग. अण्णा गयात का?"

अण्णा म्हणजे माझे वडील. तळोद्याकडे माहेर आहे माझं. अण्णा थकलेले, ऊन सोसायचं नाही म्हणून आम्ही त्यांना साखरपुड्याला आणलं नव्हतं. ह्यांचा हिशेब असा की आपल्या घरात तर सगळे ठीक, मग गेलं कोण? तर बायकोच्या माहेरचं. आणि बायकोने एकटीने आठवडाभर दुःख गिळलं, मुलाचं कार्य अडू नये म्हणून. ह्यांचे डोळे भरले होते. मला वाटतं त्या क्षणी त्यांना माझा फार अभिमान वाटत होता.

पण मला हे काहीच माहीत नाही. मी ऐकलं काय? तर माझा नवरा, भरल्या डोळ्यांनी, नावाने हाक मारून, अण्णा गेल्याचं सांगतोय.

"अण्णा गयात?" मी म्हटलं. आणि मी हंबरडा फोडला.

पदर वगैरे गेला कुठच्या कुठे. "ओ मन्हा अण्णा वं माय" करत मी दार उघडून माजघरात आले. आता बाईमाणसाचं रडणं ऐकलं की आपल्याकडच्या बायका थांबतात का? कोण गेलं हे नीट न कळताच अर्ध्या माजघराने सूर धरला. सुनंदाताईंनी मला मिठी मारली आणि त्या माझ्याहून जोरात रडायला लागल्या. कोणीतरी माझ्या तोंडाला पाण्याचा तांब्या लावला. बर्फाचं पाणी. मी रडण्याच्या भरात मोठा घोट घेतला आणि वरचे-खालचे सगळे दात एकदम पेटले. मी जी किंकाळी फोडली, ती ऐकून शेजारच्या घरातली माणसं धावत आली.

"लय जीव व्हता वं तिना बापवर," कोणीतरी मागून म्हणालं. दोघी-तिघी फोन घेऊन अंगणात गेल्या.

या सगळ्यात भूषण दाराच्या चौकटीत नव्या सदऱ्यात उभा होता. एकदा माझ्याकडे बघत होता, एकदा आतल्या खोलीच्या दाराकडे. त्या दारात दीपाली येऊन थांबली होती. तिच्या हातात नुकत्याच भरलेल्या हिरव्या बांगड्या होत्या आणि डोळे लाल. तिला आधीच सांगून झालं होतं की आज काही होणार नाही.

भूषणला एवढी अक्कल सुचली की त्याने माझ्या माहेरी फोन लावला. मामाला विचारावं म्हणून. घाईत फोन स्पीकरवर लागला.

पलीकडून खणखणीत आवाज आला. "कोन शे?"

माजघराने धरलेला सूर तिथेच तुटला.

"अण्णा?" भूषण म्हणाला. "अण्णा, मी भूषण बोली ऱ्हायनू."

"बोल ना मंग. व्हयना का साखरपुडा? माले लयना नहीत तुम्ही. गाडीमा एक मानूस जास्तीना व्हई जाता का? पंगतमा रस शे का?"

"शे अण्णा."

"मंग डबामा लई येज्यात." आणि फोन ठेवला.

मी हुंदका अर्धाच सोडला. एवढ्या बायका माझ्याकडे बघत होत्या. सुनंदाताईंचे हात अजून माझ्या गळ्यात होते, ते हळूच सुटले.

जिजी पुढे आल्या. "मंग गुरुवारे दवाखानामा कोन गयं?"

"मी गयती," मी म्हटलं.

"आनि बिनहळदनं वरन कसाले?"

मी काही बोलणार तेवढ्यात दीपाली माझ्यासमोर येऊन उभी राहिली. आवाज अगदी बारीक. "आई, तुम्हाला मी पसंत नाही का? तसं असेल तर आताच सांगा. मी कोणाला बोल लावणार नाही."

आता काय सांगू तुम्हाला. त्या पोरीचा चेहरा बघून मला माझी, माझ्या दातांची, त्या निळ्या दिव्याची, सगळ्याची इतकी शरम वाटली. मग मी सरळ तोंड उघडलं. दवाखान्यात उघडतात तसं, आ करून, आणि बोटाने दाखवलं.

"दात," मी म्हटलं. "पांढरे करून घेतले. तुमच्या लग्नातल्या फोटोसाठी. तेव्हापासून थंड-गरम सोसवत नाही, आणि हळद खाल्ली की परत पिवळे होतील. म्हणून."

जिजींनी चष्मा मागवला. चष्मा येईपर्यंत मी तोंड उघडून उभी. त्यांनी माझी हनुवटी धरून दिव्याकडे वळवली, एकदा वर पाहिलं, एकदा खाली पाहिलं.

"गयरा धवया शेतस," त्या म्हणाल्या, म्हणजे फारच पांढरे आहेत. मग मागे वळून बायकांना, "या वं, दखा."

आणि बायका आल्या हो. एकामागून एक. मंगळागौरीला आल्यासारख्या. एक जण म्हणाली, हे खरे आहेत की बसवलेले? एकीने बोट लावून पाहिलं. एकीने तिथल्या तिथे डॉक्टरचा पत्ता विचारला.

दीपाली मात्र पदराने डोळे पुसत हसायला लागली. तिचं ते हसणं थांबेचना. "अहो आई, रंगाचं पथ्य दोनच दिवसांचं असतं. झोंबणं वेगळं, रंग वेगळा. पेस्ट कशी लावता?"

"ब्रशने."

"रात्री ब्रश झाल्यावर थोडी बोटाने लावून तशीच ठेवायची, चूळ भरायची नाही. आणि मी शहाद्यालाच बसते ना दिवसभर? मला एक फोन करायचा."

सुनेपासूनच तर लपवायचं होतं.

तिने माझ्यासाठी आमरसाची वाटी बाहेर काढून ठेवली, गारवा गेल्यावर दिली. पाणी कोमट करून आणलं. आणि वरण दिलं, हळदीचं, फोडणीचं, हिंग घातलेलं. आठवडाभर दूधभात खाल्लेल्या माणसाला ते वरण कसं लागलं असेल, तुम्हीच समजा. आप्पांनी सनईची टेप परत लावली. जिजींनी स्वतःच्या हाताने मला कुंकू लावलं आणि कानाशी येऊन म्हणाल्या, "मन्हा बी दोनच दात शेतस आते. व्हतीन का धवया?" साखरपुडा अर्ध्या तासात उरकला. दीपालीच्या बोटात अंगठी गेली तेव्हा भूषणने जो श्वास सोडला, तो मला पलीकडच्या खुर्चीवर ऐकू आला.

परत येताना गाडीत हे बराच वेळ माझ्याकडे बघत होते.

"आठ दिन व्हयनात," मी म्हटलं. "तुमले दिसनंच नही ना?"

"दिसनं व्हतं," हे म्हणाले. "पन माले वाटनं, पोऱ्यानं लगीन जमनं, म्हनीसन तू अशी दिसी ऱ्हायनी."

मी ड्रायव्हरला एसी कमी करायला सांगितला आणि खिडकीबाहेर बघत बसले.

मला वाटलं, संपलं सगळं. पण माझ्या लक्षात एक गोष्ट आली नव्हती. त्या माजघरातल्या काही बायका माझा हंबरडा ऐकून, अण्णांचा फोन लागायच्या आधीच, आपापले फोन घेऊन अंगणात गेल्या होत्या. त्यांनी पुढे ज्यांना कळवायचं त्यांना कळवलं होतं. आणि आमच्याकडे कोणी गेल्याचं कळलं की नातेवाईक थांबत नाहीत, सकाळीच दुःखाला भेटायला त्या घरी पोहोचतात. दारावर जाणं म्हणतात त्याला.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक जीप भरून माणसं माझ्या माहेरी अण्णांच्या दारावर आली. अण्णांनी स्वतः दार उघडलं, सगळ्यांना बसवलं, चहा करायला सांगितला, मग मला फोन लावून स्पीकरवर टाकला आणि म्हणाले, "मंगल, हाई मंडयी मन्हासाठे रडाले येल शे. यासले तुन्हा दातनं सांग."